हेल्प-ऑथरिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्यापूर्वी: मराठी प्रोजेक्टच्या चाचणीचा क्रम

पेरणी यंत्राची माहितीपुस्तिका असो की जिनिंग कारखान्यातील वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरची हेल्प फाइल, ती हेल्प-ऑथरिंग सॉफ्टवेअरमध्ये (अशा पुस्तिका आणि हेल्प फाइली लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) तयार करणाऱ्यांकडून एक चूक पुन्हा पुन्हा होताना दिसते. नवी आवृत्ती आल्याचा ईमेल येतो, चाचणी-प्रत उतरवली जाते, रोजच्या कामाचा प्रोजेक्ट (पुस्तिकेच्या मूळ फाइलींचा संच) तिच्यात उघडला जातो, दोन-चार टॉपिक (त्यातील स्वतंत्र पाने) ठीक दिसले की खरेदीची फाइल पुढे सरकते. आणि पुस्तिका छापायला जायच्या आठवड्यात कळते की सूची विस्कटली आहे, पीडीएफमधील पाने वाढली आहेत आणि प्रोजेक्ट आता जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मी स्वतः एकदा सामाईक ड्राइव्हवरचा मूळ प्रोजेक्ट उत्साहाच्या भरात चाचणी-प्रतीत उघडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्याचा फोन आला, "सर, कालपर्यंत चालत होतं, आज प्रोजेक्ट उघडेना," तेव्हा लक्षात आले की चाचणी-प्रतीने प्रोजेक्टचे नव्या स्वरूपात रूपांतर करून टाकले होते. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा होता.

पुढे दिलेला क्रम मॅडकॅप फ्लेअर, ॲडोबी रोबोहेल्प, हेल्प अँड मॅन्युअल अशा कोणत्याही सॉफ्टवेअरला लावता येतो. मेनूंची नावे निराळी असतील. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नये, कारण बहुतेक नुकसान क्रम चुकल्यामुळेच होते.

टप्पा १: आधी दिवस ठरवावेत, मग सॉफ्टवेअर उतरवावे

चाचणी-परवान्याची मुदत बहुधा ३० दिवसांची असते आणि ती सामान्यतः सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू केल्यापासून मोजली जाते. पुन्हा इन्स्टॉल केल्याने ती नव्याने सुरू होत नाही. म्हणून पुढील दोन टप्पे पूर्ण होईपर्यंत नवी आवृत्ती सुरू करू नये. इन्स्टॉलर हवा तर आणून ठेवावा.

कोणते ३० दिवस निवडायचे हे आपल्याकडे हंगाम ठरवतो. पेरणी यंत्रांच्या पुस्तिका मृगाच्या आधी विक्रेत्यांकडे पोहोचाव्या लागतात, सोयाबीनच्या मळणीयंत्रांचे काम सप्टेंबरपूर्वी संपवावे लागते आणि कापूस खरेदी सुरू होताच वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या रोज येऊ लागतात. माझ्या अनुभवात जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हा काळ सर्वांत मोकळा सापडतो. मे महिन्यात चाचणी सुरू करणाऱ्याने ती पूर्ण केल्याचे मी पाहिलेले नाही.

याच टप्प्यात सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला ईमेल करून काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. नवा परवाना घेतल्यावर जुना परवाना चालू राहतो की रद्द होतो? एका परवान्यावर किती संगणक चालतात? नव्या आवृत्तीत उघडलेला प्रोजेक्ट जुन्या स्वरूपात परत साठवता येतो का? चाचणी-प्रतीच्या आउटपुटवर (तयार होणाऱ्या पीडीएफवर, वेब पानांवर) वॉटरमार्क येतो का, किंवा काही शब्द मुद्दाम विस्कटले जातात का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु तो न विचारता चाचणी घेणारा माणूस विस्कटलेला शब्द हा मराठीचा दोष समजून दोन दिवस त्याच्या मागे लागतो.

*तपासा:* नव्या आवृत्तीला कोणते विंडोज लागते ते वाचले आहे का? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिप) लागत असल्यामुळे कार्यालयातील जुने संगणक तेथेच अडतात. सॉफ्टवेअरच्या किमतीत संगणकाची किंमत मिळवावी लागणार असेल, तर ते आत्ताच कळलेले बरे.

टप्पा २: जुन्या आवृत्तीचा संदर्भ-संच तयार करावा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, आणि तो गाळला की पुढची सगळी चाचणी नुसत्या नजरेवर चालते. नवे आउटपुट "ठीक दिसते" असे म्हणताना ते कशाच्या तुलनेत ठीक आहे, हे सांगता आले पाहिजे.

प्रथम प्रोजेक्ट निवडावा. सोबत आलेला नमुना-प्रोजेक्ट घेऊ नये; तो त्याच सॉफ्टवेअरसाठी घासूनपुसून ठेवलेला असतो. स्वतःचा सर्वांत लहान, नीटनेटका प्रोजेक्टही घेऊ नये. ज्याच्या नावाने कपाळाला आठ्या पडतात तोच घ्यावा: मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांचा मजकूर असलेला, कंडिशन (कोणता मजकूर कोणत्या पुस्तिकेत जावा याच्या खुणा) लावून एकाच स्रोतातून तीन मॉडेलांच्या पुस्तिका काढणारा, स्निपेट (अनेक ठिकाणी वापरायचे तयार मजकूर) आणि व्हेरिएबल (एकदा ठरवून सगळीकडे येणारी नावे, आकडे) भरपूर असलेला, मोठ्या तक्त्यांचा, पूर्वी दोन-तीन आवृत्त्यांमधून आलेला. आमच्याकडे हा मान रुंद वरंबा-सरी पद्धतीच्या पेरणी यंत्राच्या पुस्तिकेला मिळाला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या पद्धतीचा बराच प्रसार केल्यामुळे यंत्राला मागणी आहे, मॉडेले वाढत गेली आहेत, आणि पुस्तिकेत दर वर्षी एक थर चढत गेला आहे.

मग जुन्या आवृत्तीतून या प्रोजेक्टची सर्व आउटपुटे काढावीत आणि प्रत्येकाची नोंद कागदावर किंवा तक्त्यात करावी: आउटपुट तयार होण्यास लागलेला वेळ, लॉगमधील (आउटपुट काढताना सॉफ्टवेअर ठेवते त्या नोंदींमधील) इशाऱ्यांची संख्या, तयार झालेल्या फाइलींची संख्या, एकूण आकार, पीडीएफची पाने, सूचीतील नोंदी. लॉग फाइलही जपून ठेवावी. लॉगमध्ये आधीपासून ४० इशारे असतील आणि त्यांची नोंद नसेल, तर नव्या आवृत्तीतील ४३ इशाऱ्यांपैकी नवे तीन कोणते हे शोधायला वाव राहत नाही.

यानंतर एक गोष्ट आवर्जून करावी. प्रोजेक्टमध्ये काहीही न बदलता जुन्या आवृत्तीतूनच दुसऱ्यांदा आउटपुट काढावे आणि दोन्ही फोल्डरांची विनमर्जसारख्या तुलना-साधनाने तुलना करावी. दोन्ही तंतोतंत सारखे निघतील अशी अपेक्षा असते, पण तसे क्वचितच होते. तारीख-वेळ, आपोआप दिलेले क्रमांक, शोधाच्या अनुक्रमणिकेतील क्रम अशा काही जागी फरक निघतात. हे फरक जुन्या आवृत्तीचाच स्वभाव आहेत. त्यांची यादी हाताशी असली की पुढे नव्या आवृत्तीच्या तुलनेतून ते वगळता येतात आणि हजारो ओळींच्या फरकांतून खरे फरक वेगळे काढता येतात.

*सावधान:* याच वेळी प्रोजेक्टमधील जुन्या चुका दुरुस्त करण्याचा मोह होतो. तुटलेला दुवा दिसला तरी तो तसाच राहू द्यावा आणि त्याची नोंद करावी. चाचणीच्या मध्ये प्रोजेक्ट बदलला की संदर्भ-संच निरुपयोगी होतो.

टप्पा ३: स्वतंत्र संगणक आणि खरोखर स्वतंत्र प्रत

काही सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी-शेजारी राहू शकतात, तरीही पहिली चाचणी रोजच्या संगणकावर घेऊ नये. फाइलींचे संबंध नव्या आवृत्तीकडे जातात, आणि पुढच्या वेळी सवयीने फाइलवर दोनदा क्लिक केले की मूळ प्रोजेक्ट नव्या आवृत्तीतच उघडतो. निराळा संगणक नसेल तर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) वापरावे. त्यासाठीचे हायपर-व्ही विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही, प्रो आवृत्तीत मिळते; नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स चालते. विंडोज सँडबॉक्स मात्र या कामाचे नाही, कारण ते बंद करताच आतील सर्व काही पुसले जाते. मुख्य संगणकात १६ जीबी रॅम असेल तर काम सुसह्य होते. ८ जीबीवर चालते, पण आउटपुटला लागणाऱ्या वेळेची तुलना मग विश्वासार्ह राहत नाही.

व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची जतन-प्रत) नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी एकदा घ्यावा. तो चाचणी-परवान्याचे दिवस पुन्हा पुन्हा मिळवण्यासाठी वापरू नये. तो परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो, शिवाय नोंदणीही गोंधळते.

आता प्रत. फोल्डर कॉपी केले म्हणजे प्रत स्वतंत्र झाली असे समजणे ही या टप्प्यातील मोठी चूक आहे. प्रोजेक्टमधील लोगो, स्टाइलशीट, सुरक्षाविषयक सूचनांचे स्निपेट अनेकदा सामाईक फोल्डरातून जोडलेले असतात, आणि त्यांचा पत्ता पूर्ण ड्राइव्हसह लिहिलेला असतो. अशा प्रतीत केलेला बदल थेट मूळ फाइलीत उतरतो. तसेच प्रोजेक्ट गिटसारख्या, फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या नियंत्रण-प्रणालीशी जोडलेला असेल तर कॉपी करतानाही ती जोडणी सोबत येते, आणि एका चुकीच्या क्लिकने रूपांतरित फाइली सर्वांच्या सामाईक साठ्यात जातात. म्हणून प्रतीची ही जोडणी आधी तोडावी, आणि प्रत वनड्राइव्हसारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नये.

*तपासा:* व्हर्च्युअल मशीनमधून नेटवर्क-ड्राइव्ह काढून टाकावेत, मग त्याच मशीनवर जुनी आवृत्ती बसवून प्रत तीत उघडावी. जे तुटलेले दिसेल ते बाहेरून जोडलेले होते असे समजावे. त्या फाइली प्रतीच्या आत आणून दुवे सुधारावेत, नंतर येथेच संदर्भ-संच पुन्हा एकदा काढावा आणि टप्पा २ मधील संचाशी जुळतो का ते पाहावे. तो जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. येथून पुढे तुलना या दुसऱ्या संचाशीच करायची आहे.

टप्पा ४: उघडावे, काहीही न करता बंद करावे, आणि काय बदलले ते पाहावे

प्रतीच्या फोल्डरात गिटचा नवा, स्थानिक साठा सुरू करून सर्व फाइली नोंदवाव्यात. गिट येत नसेल तर फोल्डरची आणखी एक कॉपी करून तिला 'रूपांतरापूर्वी' असे नाव द्यावे. काम तेच होते. मग नवी आवृत्ती सुरू करावी, प्रोजेक्ट उघडावा, रूपांतराच्या प्रश्नाला होकार द्यावा, एकही टॉपिक न उघडता प्रोजेक्ट साठवावा आणि बंद करावा. आता फरक पाहावेत.

बदललेल्या फाइलींची संख्या पाहून घाबरून जाऊ नये. ओळींचे शेवट, मोकळ्या जागा, गुणधर्मांचा क्रम असे बदल शेकडो फाइलींत होतात आणि ते निरुपद्रवी असतात. तुलना-साधनात मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय लावला की त्यांपैकी बरेच नाहीसे होतात. उरलेल्यांत तीन गोष्टी शोधाव्यात. स्टाइलशीटमध्ये असलेले स्वरूप प्रत्येक परिच्छेदात थेट लिहिले गेले आहे का? तसे झाले असेल तर पुढे स्टाइलशीट बदलूनही पुस्तिका बदलणार नाही. कंडिशनच्या खुणा हरवल्या आहेत का? आणि तिसरी, मराठी लिहिणाऱ्यांच्या खास वाट्याची गोष्ट: अदृश्य जोडचिन्हे टिकली आहेत का?

या तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबले पाहिजे. आपला अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित केलेला आढळतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रूपांतरात 'अनावश्यक अक्षरे' साफ करणारी एखादी सोय जोडचिन्ह काढून टाकते तेव्हा पहिल्या प्रकारचे शब्द वाचतात आणि दुसऱ्या प्रकारचे बिघडतात: 'दर्‍या' चे 'दर्या' होते, आणि फवारणी यंत्राच्या पुस्तिकेतील 'वार्‍याची दिशा' ही 'वार्याची दिशा' होऊन बसते. शुद्धलेखन तपासणी यांतील काही शब्द सोडून देते, कारण 'दर्या' हाही शब्द आहेच. म्हणून रूपांतरापूर्वीच्या आणि नंतरच्या फाइलींत हे अदृश्य चिन्ह किती वेळा येते ते मजकूर-संपादकाच्या शोधाने मोजावे. आकडा एकने जरी कमी झाला तरी त्याचे कारण सापडेपर्यंत थांबावे.

*सावधान:* जुन्या टॉपिकांत श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकूर असेल तर नवी आवृत्ती फॉन्ट बदलताच तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसू लागतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागेल, परंतु ते जुन्या आवृत्तीतच, अपग्रेडच्या कितीतरी आधी, वेगळे काम म्हणून करावे. दोन रूपांतरे एकाच वेळी केली तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

टप्पा ५: आउटपुट काढून मराठी डोळ्यांनी वाचावे

आता नव्या आवृत्तीतून सर्व आउटपुटे काढून संदर्भ-संचाशी तुलना करावी. आकड्यांची तुलना अर्ध्या तासात होते. खरा वेळ वाचण्यात जातो, आणि हे वाचन इंग्रजी पुस्तिकेवर केलेल्या चाचणीने भागत नाही.

*पीडीएफ.* एका टॉपिकात शब्दसूची करून ठेवावी आणि तो टॉपिक संदर्भ-संच काढण्यापूर्वीच प्रोजेक्टमध्ये चाचणीसाठी घालावा: ट्रॅक्टर, हायड्रॉलिक, ऑइल, ॲडजस्टमेंट, स्प्रिंग, किल्ली, शक्ती, दुसऱ्या, चकत्या, शृंखला, क्षमता, ज्ञान, र्‍हास. यांतील वेलांटी जागेवर आहे का, रफार योग्य अक्षरावर चढतो का, ॲ चा चंद्र अक्षरापासून सुटला आहे का, ल आणि श यांची वळणे मराठी आहेत की हिंदी, हे छापील कागदावर पाहावे. ल-श ची मराठी वळणे काही फॉन्टांत मजकुराला मराठी भाषेची खूण लावलेली असेल तरच येतात. रूपांतरात ही खूण पुसली जाऊन इंग्रजी किंवा हिंदी लागली की वळणे बदलतात आणि कारण कोणालाच कळत नाही. मग पीडीएफमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. पानावर अक्षरे सुंदर दिसत असूनही आतील मजकूर विस्कटलेला असू शकतो, आणि तसा असेल तर वाचकाला पीडीएफमध्ये काहीही शोधता येणार नाही.

पानांची संख्या बदलली असेल तर फॉन्ट पाहावा. मंगल आणि निर्मला यूआय यांच्या ओळींची उंची सारखी नाही. नव्या आवृत्तीने मूळ फॉन्ट न सापडल्याने दुसरा घेतला की प्रत्येक पानावर एक-दोन ओळी पुढे ढकलल्या जातात. पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत लागतात. ९६ पानांची पुस्तिका ९७ पानांची झाली की छापखान्यात ती १०० पानांची होते आणि खर्च तेथे दिसतो.

*सूची.* मराठी सूचीचा क्रम हा चाचणीचा उत्तम मापदंड आहे. सॉफ्टवेअर मराठीचे नियम न लावता अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार लावणी करत असेल तर ॲ हे अक्षर ह च्याही पुढे जाते, म्हणजे 'ॲडजस्टमेंट' सूचीच्या तळाशी सापडते. ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आणि क्ष, ज्ञ शेवटी न येता क आणि ज मध्ये मिसळतात. जुन्या आवृत्तीतही असेच होत असेल तर तो नव्या आवृत्तीचा दोष नाही, हे संदर्भ-संच सांगेल. क्रमांकित पायऱ्यांत देवनागरी अंक टिकले आहेत की इंग्रजी अंक आले, हेही याच वेळी पाहावे.

*वेब आउटपुटमधील शोध.* येथे नव्या आवृत्त्या सर्वाधिक घसरतात. शोधाची अनुक्रमणिका तयार करताना मजकूर शब्दांत तोडावा लागतो, आणि ज्याने तो तोडण्याचा नियम लिहिला त्याने मात्रांना अक्षर मानले नसेल तर 'पेटी' या शब्दाचे 'प' आणि 'ट' असे तुकडे होतात. मग 'पेटी' शोधल्यावर एक तर काहीच मिळत नाही किंवा अर्धी पुस्तिका समोर येते. ही चाचणी पास झाली तरी विभक्तीची परीक्षा उरते. 'फण' शोधल्यावर 'फणांमधील अंतर' हा टॉपिक मिळतो का? 'साखळी' शोधल्यावर 'साखळीचा ताण' मिळतो का? शब्दाच्या सुरुवातीचा भाग जुळवणारे सॉफ्टवेअर इतके करते, पण 'चकती' शोधल्यावर 'चकत्या बदलणे' त्याला सापडत नाही, कारण सामान्यरूपात आणि अनेकवचनात मूळ शब्दच बदलतो. मराठीची ही अडचण सॉफ्टवेअर सोडवील अशी आशा मी ठेवत नाही. पर्यायी शब्दांची यादी देण्याची सोय जुन्या आवृत्तीत होती ती नव्यात टिकली आहे का, एवढे मात्र जरूर पाहतो. शोधाचे वीस शब्द आधी ठरवून जुन्या आणि नव्या आउटपुटातील उत्तरे शेजारी-शेजारी लिहावीत.

*तपासा:* वेब आउटपुट थेट डिस्कवरून ब्राउझरमध्ये उघडल्यास काही वेळा ब्राउझरच्या सुरक्षा-नियमांमुळे शोध चालत नाही. दोष नोंदवण्यापूर्वी तेच आउटपुट स्थानिक वेब-सर्व्हरवरून उघडून पाहावे.

*सीएचएम.* अजूनही सीएचएम (विंडोजची जुन्या पद्धतीची एकसंध हेल्प फाइल) देणाऱ्यांसाठी एवढेच: फाइल नेटवर्क-ड्राइव्हवरून किंवा इंटरनेटवरून आणलेली असेल तर अनुक्रमणिका दिसते पण उजवीकडचा मजकूर कोरा राहतो. हे विंडोजचे सुरक्षा-बंधन आहे. फाइल स्वतःच्या डिस्कवर आणून तिच्या गुणधर्मांतून 'अनब्लॉक' करावी, मग तपासावी. तसेच सीएचएमची अनुक्रमणिका, सूची आणि शोध युनिकोडवर चालत नाहीत आणि देवनागरीसाठी विंडोजचे जुने कोडपेज (युनिकोडपूर्व अक्षर-तक्ता) नाही, त्यामुळे तेथे मराठीऐवजी प्रश्नचिन्हे दिसणे हा जुनाच प्रकार आहे. कोणतीही नवी आवृत्ती तो दुरुस्त करू शकणार नाही.

टप्पा ६: एफ-१ दाबून पाहावे

वजनकाट्यावरचा माणूस 'रिकामे वजन' या पडद्यावर अडकून एफ-१ ही मदतीची कळ दाबतो तेव्हा त्याच्या मागे कापसाच्या गाड्यांची रांग असते. त्या वेळी उघडणारा टॉपिक प्रोजेक्टमधील ओळख-क्रमांकांच्या यादीवरून ठरतो. रूपांतरात ही यादी नव्याने तयार होऊन क्रमांक बदलले तर सर्व टॉपिक जागेवर असूनही प्रत्येक पडद्यावर चुकीचा टॉपिक उघडेल, आणि लॉगमध्ये एकही इशारा येणार नाही.

म्हणून ओळख-क्रमांकांची यादी रूपांतरापूर्वी आणि नंतर काढून दोन्ही ओळीनुसार जुळवाव्यात. फरक शून्य आला पाहिजे. त्यानंतर नवी हेल्प फाइल वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी-प्रतीला जोडून किमान दहा पडद्यांवर प्रत्यक्ष एफ-१ दाबावे. यादी जुळते म्हणून ही पायरी सोडू नये: वेब हेल्पचे पत्ते ज्या पद्धतीने बनतात तीच नव्या आवृत्तीत बदललेली असू शकते. टॉपिकांच्या फाइलींना देवनागरी नावे देणाऱ्यांनी येथे विशेष जपावे. वेबच्या पत्त्यात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात, त्यामुळे साध्या दिसणाऱ्या नावाचा पत्ता फार लांब होतो आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मध्येच तुटतो.

टप्पा ७: अनुवाद आणि सहकारी

मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत काम करणाऱ्यांनी नव्या आवृत्तीतून अनुवादासाठीची एक्सलिफ फाइल (अनुवाद-साधनांना समजणाऱ्या स्वरूपातील मजकूर) काढून ती अनुवादकाच्या साधनात घालून पाहावी. मजकूर एका अक्षरानेही बदललेला नसताना, वाक्यांतील टॅगांची रचना बदलल्यामुळे अनुवाद-स्मृतीतील (आधीच्या अनुवादांच्या साठ्यातील) पूर्ण जुळणाऱ्या वाक्यांचे प्रमाण घसरू शकते. अनुवादकाचे बिल या जुळणीवर ठरत असते. आधीची टक्केवारी आणि आताची टक्केवारी शेजारी ठेवून मगच अपग्रेडचा खर्च मांडावा.

संघातील एका सहकाऱ्याला, शक्यतो सर्वांत कमी उत्साही असलेल्याला, एक पूर्ण दिवस नव्या आवृत्तीत रोजचे काम करू द्यावे आणि शेजारी बसून काही सांगू नये. ज्या कामांचे शॉर्टकट बदलले आहेत ती त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतात.

नवी वैशिष्ट्ये सर्वांत शेवटी पाहावीत. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात ती पहिली येतात, त्यामुळे चाचणीतही पहिली पाहिली जातात आणि महिना तेथेच संपतो.

टप्पा ८: निर्णय आणि परतीची वाट

आतापर्यंतच्या नोंदी तीन गटांत विभागाव्यात: जे दुरुस्त झाल्याशिवाय अपग्रेड करता येणार नाही, ज्यावर स्वतः उपाय करता येतो, आणि ज्याच्याकडे दुर्लक्ष चालते. पहिल्या गटातील प्रत्येक दोष लहान नमुना-प्रोजेक्टसह विक्रेत्याला कळवावा. "मराठी नीट दिसत नाही" एवढ्या तक्रारीवर काहीच हलत नाही. 'या टॉपिकात या शब्दातील जोडचिन्ह रूपांतरानंतर नाहीसे होते' असे लिहून दोन्ही फाइली जोडल्या की उत्तर येते. तारखेच्या दबावाखाली पहिल्या गटातील दोष दुसऱ्या गटात ढकलू नये. सवलतीची शेवटची तारीख जवळ आली की हे हमखास घडते.

अपग्रेडचे ठरले तर एक दिवस निश्चित करावा. त्या दिवशी सर्वांनी आपले काम सामाईक साठ्यात जमा करावे, प्रोजेक्ट गोठवावा, पूर्ण बॅकअप घेऊन तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, आणि सर्व संगणकांवर एकाच दिवशी नवी आवृत्ती बसवावी. अर्धे लोक जुन्या आणि अर्धे नव्या आवृत्तीत, ही स्थिती एक दुपारसुद्धा राहू देऊ नये. चाचणीत रूपांतरित केलेली प्रत पुढे वापरू नये; तिच्यात चाचणीचे शब्द, तोडलेले दुवे आणि महिन्याभरापूर्वीचा मजकूर असतो. रूपांतर ताज्या प्रोजेक्टवर नव्याने करावे आणि टप्पा ४ मधील तुलना पुन्हा करावी. या वेळी ती तासाभरात होते. रूपांतर यूपीएसवर असलेल्या संगणकावरच करावे. पावसाळी दुपारी वीज मध्येच गेली तर अर्धवट रूपांतरित प्रोजेक्ट कोणत्याच आवृत्तीत उघडत नाही.

जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर, परवाना-क्रमांक आणि तिच्या स्वरूपातील शेवटचा प्रोजेक्ट हे तिन्ही एकाच बाह्य डिस्कवर ठेवावेत. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर जुने इन्स्टॉलर किती दिवस राहतील याचा भरवसा नसतो. जुनी आवृत्ती असलेला एक संगणक, किंवा तिचे व्हर्च्युअल मशीन, नव्या आवृत्तीतून एक पूर्ण हंगामाच्या पुस्तिका छापून विक्रेत्यांकडे पोहोचेपर्यंत काढू नये, आणि काढण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या यंत्रांच्या पुस्तिकांत दुरुस्ती मागणारे कोणी शिल्लक नाही ना, हे सेवा-विभागाला विचारून घ्यावे.